कौतिक कई येईन?

ताई, तुमची चिठ्ठी तुमच्या भाच्याच्या हातून पोचली. तुम्ही विचारता, की यंदा मी काय वाचलं, काय पाहिलं आणि त्यातलं मनापासून काय आवडलं. शिवाय तुमच्या बचत गटाच्या बायांना महिन्यातून एकदा कादंबरीवरून काढलेला सिनेमा दाखवायचा आणि मग ते पुस्तक वाचायला द्यायचं, असं तुम्ही ठरवलं आहे. तर आधी पुस्तक द्यावं की आधी सिनेमा दाखवावा, आणि सुरुवात कशानं करावी?

मी चांदूर बाजार तालुक्यातल्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या, वाचनालयात 31 वर्षं ग्रंथपाल आहे. ‘ड’ वर्गाचा ग्रंथपाल म्हणजे झाडू मारणारा तोच, दाखलनोंदवही लिहिणारा तोच आणि वर्तमानपत्रासाठी भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना सोडवणाराही तोच. पुस्तकं द्यायची-घ्यायची सवय आहे, सिनेमे दाखवायचीही हौस केली आहे. म्हणून उत्तराच्या आधी माझी एक फजिती सांगतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

2012 सालचा ‘धग’ नावाचा मराठी सिनेमा आहे. त्यातल्या कामासाठी उषा जाधव यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बातमी वाचली आणि मी हरखून गेलो. मला वाटलं, हा आपल्या उद्धव शेळक्यांचा ‘धग’! 1960 साली आलेली, आपल्या मुलखातली, आपल्या बोलीतली कादंबरी. मी फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘उद्धव शेळके यांच्या गाजलेल्या कादंबरीवरून’. नुसतं लिहून थांबलो नाही. त्याआधी आठ दिवस रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर त्या कादंबरीची पानं वाचून दाखवली. दहा-बारा बाया यायच्या, कोणाच्या मांडीवर लेकरू, कोणाच्या हातात निवडायची तूर. कादंबरीची नायिका कौतिक नवऱ्यापायी काय काय सोसते ते ऐकताना एकीनं तर त्या नवऱ्याला, महादेवाला, अशी शिवी हासडली, की मी पान उलटायचं विसरलो.

मग सिनेमाची रात्र. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर, एका मास्तरांचा प्रोजेक्टर, माझा लॅपटॉप. सिनेमा सुरू झाला. स्मशान, प्रेतं जाळायचं काम करणारं घर, आणि बापाच्या त्या कामात पडायला नको म्हणणारा मुलगा. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. अंधारातून एका आजीचा आवाज आला, “काहो भाऊ, कौतिक कई येईन?”

मी म्हटलं, “येईन, आजी. थांबा थोडं.”

कौतिक काही आली नाही. येणार कुठून? त्या सिनेमाचा आणि शेळक्यांच्या कादंबरीचा नावापलीकडे काही संबंध नाही. सिनेमा वाईट नव्हता, मी पुढे एकट्यानं पाहिला तेव्हा चांगलाच वाटला. पण त्या रात्री त्या बायांनी तो पाहिलाच नाही. त्या कौतिकची वाट पाहत बसल्या होत्या. अजूनही बाजारात ती आजी भेटली की विचारते, “आली का हो भाऊ?”

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की नावावर जाऊ नका. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्या नीट वाचा. दुसरं उदाहरण ‘तुंबाड’चं. तो 2018 चा सिनेमा 2024 मध्ये पुन्हा थेटरात लागला, तेव्हा गावातले पोट्टे परतवाड्याला आणि अमरावतीला जाऊन पाहून आले. मग दोघंतिघं माझ्याकडे ‘तुंबाडचे खोत’ मागायला आले. श्री. ना. पेंडशांची ती दोन जाडजूड खंडांची कादंबरी कोकणातल्या एका घराण्याच्या पिढ्यांची आहे. तिच्यात ना सिनेमातला तो हस्तर नावाचा राक्षस आहे, ना विहिरीतलं सोनं. सिनेमाचं मूळ नारायण धारपांच्या भयकथांत आहे. दिग्दर्शक राही बर्वे यांना धारपांची ती गोष्ट 1993 मध्ये एका मित्रानं सांगितली, तीही आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात. म्हणजे कोकणातल्या त्या भुताचं बी आपल्याच विदर्भात पडलं म्हणायचं. मी त्या पोट्ट्यांना धारप दिले. एकानं ‘खोत’ही नेली आणि दोन महिन्यांनी परत आणून दिली. वाचली का, हे मी विचारलं नाही.

आता यंदाचं सांगतो. माझी मुलगी अमरावतीत इंग्रजी शिकवते. ती दर दिवाळीला एक-दोन इंग्रजी पुस्तकं माझ्या माथी मारते आणि उशाशी शब्दकोश ठेवून जाते. यंदा तिनं तमिळ लेखक पूमणी यांची ‘वेक्कै’ इंग्रजीतून आणली. मूळ कादंबरी 1982 ची. मला सगळ्यात आधी धक्का बसला तो नावाचाच. ‘वेक्कै’ म्हणजे उष्मा, धग! म्हटलं, तिकडे तमिळनाडूतही एक ‘धग’ आहे म्हणायची.

गोष्ट एका पंधरा वर्षांच्या पोराची. थोरल्या भावाला मारणाऱ्या जमीनदारावर तो कोयता चालवतो आणि बापासोबत पळतो. आठ दिवस बापलेक रानात, झुडपांत, ओढ्याच्या काठानं लपतात. बस, एवढीच गोष्ट. पण ते आठ दिवस जगायचं कसं, काय तोडून खायचं, काय शिजवायचं, धूर दिसू न देता चूल कशी पेटवायची, निजायचं कुठं, हे असं लिहिलं आहे की वाचताना आपलेच पाय काट्यांतून चालतात. रागाबद्दल लेखक फारसा बोलत नाही. बाप पोराला रागे भरत नाही, शाबासकीही देत नाही. ज्यानं रात्री जागल्या केल्या आहेत, रानडुकरं हाकलली आहेत, त्याला हे पुस्तक लवकर कळतं.

याच कादंबरीवरून वेट्रिमारन यांनी 2019 मध्ये ‘असुरन’ काढला. धनुषला त्यातल्या बापाच्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो मुलाच्या मोबाईलवर पाहिला, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. गंमत अशी, की कादंबरी पोराची आहे आणि सिनेमा बापाचा. बापाच्या तरुणपणाची जी कहाणी सिनेमात येते, तिनं अख्खा मधला भाग खाल्ला आहे. पडद्यावर हाणामारी आहे, पाटा-वरवंट्यासारखं जड संगीत आहे, माणसं पेटतात. मला दोन्ही आवडलं, पण वेगवेगळ्या कारणांनी. पुस्तकात पोरगं बापाकडे पाहतं आणि त्याला बाप कळत नाही. सिनेमात आपल्यालाच बाप कळतो. पोराच्या डोळ्यांना न कळलेलं जे होतं, ते सिनेमानं उघडून दाखवलं, म्हणून त्यात कादंबरीचं ते मुकेपण राहिलं नाही. मी दिग्दर्शकाला दोष देत नाही. अडीच तास माणसं खुर्चीत बसवायची तर काहीतरी पेटवावंच लागतं. पण कोणी मला विचारलं तर मी पुस्तकाकडेच जाईन.

दुसरं पुस्तक मल्याळी लेखक बेन्यामिन यांचं ‘आडुजीवितम’, 2008 चं. केरळातला नजीब नदीतून वाळू काढायचं काम करतो. पैसा कमवायला सौदीला जातो आणि विमानतळावरून एक माणूस त्याला उचलून वाळवंटातल्या शेळ्यांच्या कोंडवाड्यावर नेऊन टाकतो. तिथं तीन वर्षांच्या वर तो शेळ्या राखतो. बोलायला माणूस नाही. म्हणून तो शेळ्यांना गावातल्या माणसांची नावं देतो. यात रडणं आहे तितकंच हसूही आहे. आमच्या शेजारचा शेळ्या राखणारा एका बोकडाला माजी सरपंचाच्या नावानं हाक मारतो, त्यामुळे मला हे काही फार लांबचं वाटलं नाही.

पुस्तक सुरू होतं ते नजीब आणि त्याचा एक सोबती पोलीस ठाण्यासमोर उभे असताना. पोलिसांनी आपल्याला धरावं म्हणून ते तिथं घिरट्या घालतात आणि पोलीस काही धरत नाहीत. म्हणजे माणूस सुटला आहे हे आपल्याला पहिल्याच पानावर समजतं. मग सुटला कसा याची काळजी न करता आपण त्याचं ऐकत बसतो, पारावर बसलेल्या माणसाचं ऐकावं तसं. दिग्दर्शक ब्लेसी यांचा त्यावरचा सिनेमा 2024 च्या मार्चमध्ये आला. नजीब झालेल्या पृथ्वीराजनं त्यात शरीर झिजवून काम केलं आहे. वाळवंट पाहिलं की घशाला कोरड पडते. पण सिनेमात सांगणारा नजीब नाही, सोसणारा नजीब आहे. शेळ्यांशी चाललेल्या थट्टेतलं तिथं फार थोडं उरलं. मी तो सिनेमा त्या शेजाऱ्यालाही दाखवला. त्याला भाषा कळली नाही, उपाशी माणूस कळला. एका ठिकाणी म्हणाला, “याचा हात शेळीले वळखीचा झाला, पाहा.” मी इतके वेळा पाहिलं, पण हात काही पाहिला नव्हता.

कोलंबियाचा लेखक मार्केझ याच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या 1967 च्या कादंबरीवरची मालिकाही पाहायला घेतली होती, डिसेंबर 2024 मध्ये आठ भाग आले ती. दोन भागांनंतर सोडली. त्या पुस्तकात अशक्य गोष्टी एखादी आजी सहज सांगते तशा येतात. पडद्यावर त्याच गोष्टी डोळ्यांसमोर घडायला लागल्या की मी त्यांत तारा-दोऱ्या शोधायला लागतो. माझाच दोष असेल.

आता जे मला सांगायचं आहे त्याच्याकडे येतो. कादंबरीत कोणीतरी सांगणारा असतो. सिनेमात तो जागचा उठून जातो. त्याची रिकामी जागा सिनेमावाल्यानं कशी भरली, यावर माझ्या लेखी सगळं अवलंबून असतं. गोष्ट जशीच्या तशी ठेवली का, शेवट बदलला का, याला मी फारसं महत्त्व देत नाही.

हे कळायला आपल्याला केरळात जायला नको, परतवाड्यापर्यंत गेलं तरी पुरे. गो. नी. दांडेकर परतवाड्यात जन्मले, 1916 मध्ये. अरुण साधूही परतवाड्याचेच, 1941 चे. एकानं ठाकर आदिवासींच्या डोंगरावरची ‘जैत रे जैत’ लिहिली, दुसऱ्यानं मुंबईतल्या मंत्र्यांची ‘सिंहासन’. दोघांवरही सिनेमे काढले ते जब्बार पटेलांनी, पहिला 1977 मध्ये आणि दुसरा 1979 मध्ये. दोन्ही टिकले आणि दोन्ही ठिकाणी सांगणाऱ्याची जागा वेगळ्या तऱ्हेनं भरली आहे.

‘जैत रे जैत’मध्ये ती जागा गाण्यांनी भरली. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. महानोर स्वतः रानात राबणारे शेतकरी, त्यामुळे ते शब्द शहरातून आणल्यासारखे वाटत नाहीत. नाग्या डोंगरावरच्या पोळ्यातल्या राणीमाशीच्या मागं लागतो. गोनीदा हे ज्या लयीत सांगतात ती लय सिनेमात गाण्याकडे गेली. मेळघाटातून मध घेऊन येणारे एक-दोघं ओळखीचे आहेत. त्यांना मी हा सिनेमा दाखवला तेव्हा त्यांचं लक्ष मोहन आगाशे किंवा स्मिता पाटीलकडे नव्हतं, कड्यावरच्या मोहोळाकडे होतं. गाणी सुरू झाली की मात्र त्यांचे पाय हलायचे.

‘सिंहासन’ची गोष्ट निराळी. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकात बसवल्या, पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन पुस्तकांतली इतकी माणसं एका सिनेमात मावणार कशी? निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर मावली. त्यांनी केलेला पत्रकार दिगू टिपणीस फार बोलत नाही, ऐकतो. मुख्यमंत्री त्याला सांगतो, विरोधक त्याला सांगतो, कामगार पुढारी सांगतो. कादंबरीत सांगणारा होता, सिनेमात ऐकणारा आला. इतकी साधी युक्ती मी दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमात पाहिली नाही. ज्या निळू फुल्यांना आमच्या आया बहिरमच्या जत्रेतल्या तंबूत शिव्या घालायच्या, त्याच माणसानं हे गप्प बसणं केलं आहे. आणि त्यातलं ते पहाटेचं गाणं आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांचं. पंचायतीची निवडणूक झाली की तुमच्या गटात हा जरूर लावा, पण निवडणुकीच्या आधी नको. उगाच कोणाला तरी वाटेल की त्याच्यावरच बोट आहे.

ही जागा रिकामीच राहिली, असंही होतं. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आपल्या बुलढाण्याकडची. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. शिकून बसलेला, नोकरी नसलेला एकनाथ आणि त्याच्या घरची शेती. एकनाथ पुस्तकात दोन भाषांत जगतो, शिकलेल्या मराठीत आणि घरच्या वऱ्हाडीत. बायकोशी वाद घालताना तो कुठल्या भाषेत आहे, आईशी बोलताना कुठल्या, हे पाहत वाचलं की त्याची घुसमट कळते. 2012 मध्ये धीरज मेश्राम यांनी हिंदीत ‘बारोमास’ काढला. शेतकऱ्याची गोष्ट देशभर जावी म्हणून हिंदी, हे मला समजतं. पण हिंदीत सगळे एकच भाषा बोलायला लागले आणि घरातली ती फट बुजून गेली. कर्ज राहिलं, दुष्काळ राहिला, एकनाथचं दुखणं मात्र अर्धंच राहिलं. वऱ्हाडी सिनेमात किंवा मालिकेत आली की बहुधा हसवायला येते. त्या बोलीत माणूस नागवला जातो, रात्रभर जागा राहतो, बायकोची माफी मागतो, हे पडद्यावर क्वचितच दिसतं. शेळक्यांनी ते 1960 साली कागदावर करून ठेवलं आहे.

‘निशाणी डावा अंगठा’ हे रमेश इंगळे उत्रादकरांचं पुस्तक, तेही बुलढाण्याचंच. साक्षरता अभियानात मास्तरांची काय गत होते याची ती कादंबरी आहे. ताई, तुम्ही अंगणवाडीतली माणसं, तुमच्याइतकं हे कोणाला कळणार? कागदावर सगळं गाव साक्षर, आणि प्रत्यक्षात रात्रीच्या वर्गाला एक कंदील आणि दोन कुत्री. पुस्तकाचा सगळा कस परिपत्रकांच्या भाषेत आहे. ती भाषा इतकी गंभीर चेहऱ्यानं वापरली आहे की हसू आवरत नाही आणि थोड्या वेळानं हसायची लाजही वाटते. पुरुषोत्तम बेर्डे यांनी 2009 मध्ये त्यावर सिनेमा काढला, अशोक सराफ, मकरंद अनासपुरे आहेत. पाहताना करमणूक होते. पण परिपत्रक पडद्यावर कसं दाखवणार? मग माणसांनी धावपळ करायची, पडायचं, ओरडायचं. हे पुस्तक तुम्ही स्वतः वाचा, सिनेमाची वाट पाहू नका. पोषण आहाराचं रजिस्टर भरताना तुम्हाला त्यातली एखादी ओळ आठवली नाही तर मला सांगा.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ तुमच्या मुलीनं वाचली असेलच. आमच्याकडची प्रत तीनदा बांधून घेतली आहे. आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, त्याची आणि मित्रांची ती अर्धवट बांधलेल्या इमारतीतली बैठक. सुजय डहाके यांचा 2012 चा सिनेमा सुंदर आहे, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण जोशीच्या डोक्यात सतत जी बडबड चालते, मास्तरांवरची, बापावरची, स्वतःवरची, तिचा चौथा हिस्साही पडद्यावर येत नाही. पोरांना सिनेमा आवडतो तो शिरोडकरसाठी, पुस्तक आवडतं ते जोशीसाठी. असा फरक मी इतक्या वर्षांत पाहिला. याच डहाक्यांनी 2023 मध्ये ‘श्यामची आई’ नव्यानं केला, कृष्णधवल. अत्र्यांचा 1953 चा पाहून झाला असेल तर तोही पाहा. मला दोन्ही चालतात, माझ्या बायकोला फक्त जुना.

आधी काय, या प्रश्नाला माझं उत्तर वाचनालयवाल्याला शोभणार नाही. तुमच्या गटासाठी आधी सिनेमा. ज्यांची वाचायची सवय तुटली आहे, त्यांना कादंबरीच्या पहिल्या वीस पानांत नावांचा गोंधळ होतो आणि पुस्तक तिथंच मिटतं. सिनेमा पाहिलेला असला की नावाला चेहरा मिळतो आणि डोळे पुढे सरकतात. ‘नटरंग’ 2010 मध्ये आला तेव्हा आनंद यादवांची कादंबरी आमच्याकडे पाच-सहा वर्षं कपाटात निवांत पडली होती. सिनेमानंतर तिच्यासाठी यादी लावावी लागली. कागलकडची ती बोली आमच्या लोकांना अवघड जाते, तरी वाचली. तिच्या नायकाची, गुणाची, गोष्ट पुढे काय, हे त्यांना माहीत होतं म्हणूनच वाचली.

पण बोलीतली पुस्तकं याला अपवाद. ‘धग’ किंवा ‘बारोमास’ हातात देऊ नका, वाचून दाखवा. आपली बोली कागदावर पाहिली की आपलीच माणसं अडखळतात, हे मी कितीदा तरी पाहिलं. शाळेनं आपल्याला एकच मराठी वाचायला शिकवली. तीच पानं मोठ्यानं वाचली की दुसऱ्या ओळीला हशा पिकतो आणि चौथ्याला कोणीतरी पदर डोळ्याला लावते. वाचणारी बाई गावातलीच हवी. मी अमरावतीहून एका प्राध्यापकांना बोलावलं होतं, त्यांनी कौतिकला आकाशवाणीवर नेऊन बसवलं.

सुरुवात ‘उंबरठा’नं करा. 1982 चा, तोही जब्बार पटेलांचाच, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून. घर सोडून महिला आश्रमाची अधीक्षक व्हायला गेलेली सुलभा. सिनेमा संपला की बोलायला मुद्दा शोधावा लागत नाही. तिनं जायला हवं होतं का, यावर सासवा एकीकडे आणि सुना दुसरीकडे अशा बसतील असं मला वाटायचं. प्रत्यक्षात आमच्याकडे दोन सासवा सुलभाच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि एक सून म्हणाली, लेकरू टाकून गेली ते चुकलंच. ‘बेघर’ची प्रत आमच्याकडे नाही. अमरावतीला जिल्हा ग्रंथालयात विचारतो.

दुसऱ्या महिन्यात ‘जैत रे जैत’, गाण्यांसाठी. तिसऱ्यात ‘जोगवा’ लावायचा की नाही हे तुमच्या गटावर आहे. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांची एक कथा, यांतून तो 2009 चा सिनेमा उभा राहिला. देवाला सोडलेल्या बाया आणि माणसं. पाहताना घरची लहान पोरं शेजारी नसलेली बरी, आणि नंतर लगेच उठून जाऊ देऊ नका, चहा करा.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी असते, बाया दिवसभर वाकलेल्या असतात. नऊ वाजता बसवलं तर निम्म्या बसल्या जागी डुलक्या घेतील. त्या दिवसांत सिनेमा दोन रात्रींत तोडून दाखवा. लॅपटॉप दिवसा पूर्ण चार्ज करून ठेवा, लाईन गेली तरी सिनेमा थांबू नये. स्पीकर वेगळा घ्या, आवाज नीट आला नाही तर मागच्या बाया आपसांत बोलायला लागतात आणि मग ते आवरत नाही. मोबाईलवरच्या ॲपमधला सिनेमा पडद्यावर जाहीर दाखवायचा म्हणजे हक्काचा प्रश्न येतो. त्याची परवानगी कशी घ्यायची हे माहीत असलेल्या एका मास्तरांशी तुमची गाठ घालून देतो.

आणि ‘धग’. त्यावर सिनेमा नाही म्हणून ती यादीतून काढू नका. चौथ्या महिन्यात चादर न लावता नुसती ती वाचा. तुमच्या गटात एकीचा आवाज चांगला आहे, गौरीच्या गाण्यांना मी तो ऐकला आहे. तिलाच सांगा. आमची प्रत जुनी आहे, पाठीचा पुठ्ठा सुटला आहे आणि शेवटची बारा पानं सैल झाली आहेत. तेवढी मी दोऱ्यानं बांधून वेगळी ठेवली आहेत. सोमवारी भाच्याला पाठवा, दोन्ही देतो. त्या आजीलाही निरोप धाडा. आता त्यांना दिसत नाही म्हणतात, पण ऐकू येतं.